डावीकडचा आरसा

रबाळे गावठाणातल्या म्हात्र्यांच्या घरी चैत्र लागला की दोन गोष्टी ठरलेल्या. देव्हाऱ्यातला आई एकवीरेचा चांदीचा टाक घासूनपुसून कार्ल्याच्या डोंगरावर देवभेटीला न्यायचा, ही एक. आणि त्या वाटेवर धर्मराजच्या लघवीवरून सगळ्या कुटुंबानं पोट धरून हसायचं, ही दुसरी.

पहिली गोष्ट देवीची, तिच्याबद्दल आपण काय बोलणार! दुसरी मात्र धर्मराजचा धाकटा भाऊ हिरामण यानं सुरू केली आणि मोठ्या निष्ठेनं सांभाळली. खोपोली मागं पडली, घाट सुरू झाला की पुढच्या सीटवरून धर्मराज टेम्पोच्या दारावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "थांबव रं जरा." मागून हिरामण लगेच ओरडायचा, "फुटली रं फुटली, दादाची टाकी फुटली!" की सगळा टेम्पो खो खो हसायचा. नव्या आलेल्या सुना वर्षभरात हसायला शिकायच्या. पोरं तर बोलायच्या आधी शिकायची. धर्मराज स्वतःसुद्धा मिशीतल्या मिशीत हसत झुडपाआड जायचा.

हसायची नाही ती एकटी त्याची बायको, पुतळा. ती तेवढ्या वेळात टेम्पोच्या फळीवरून खाली उतरून कडेच्या दगडावर बसलेली असायची आणि तोंडात आवळकाठी धरून मोकळी हवा पोटात भरून घेत असायची.

पुतळाला गाडी लागते. आजची गोष्ट नाही, लग्नाच्या आधीपासून लागते. पण माहेरी गाडीत बसायचा प्रसंगच कुठे येत होता! लग्न झालं, हातावरची हळद पुरती उतरली नव्हती, आणि सासरच्या मंडळींनी नव्या जोडप्याला देवीच्या पायावर घालायला नेलं. पुरुष पुढे आणि मधे, बायका अगदी मागे, चाकाच्या वर. पुतळाच्या मांडीवर मटणाच्या वाटणाचा डबा दिला होता. घाटातल्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर त्या वाटणाचा वास आणि डिझेलचा धूर एकत्र झाला आणि नवी कोरी साडी, चुडा, शेजारणीचा पदर, सगळं तिनं नासवून टाकलं. कुणीतरी म्हणालं, "यवढ्यात दिवस गेलं कं काय गो?" बायका फिदीफिदी हसल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पुढून धर्मराजनं एकदा वळून पाहिलं. पण थोरामोठ्यांसमोर नवऱ्यानं उठून बायकोकडे जायची त्या घरात रीत नव्हती. तो पुन्हा पुढे बघायला लागला. पुतळाला त्याचा फार राग आला होता.

पुढच्या वर्षी निघताना धर्मराजनं ड्रायव्हरशी भांडण काढलं. डावीकडचा आरसा त्यानं हात बाहेर काढून फिरवला होता. ड्रायव्हर म्हणाला, "आरसा नको हलवू, मना मागचं दिसत नाय." धर्मराज म्हणाला, "डोल्यात ऊन येतंय." सकाळची वेळ, ऊन दुसऱ्याच बाजूला होतं, पण वडील माणसं बसलेली, म्हणून ड्रायव्हर गप्प राहिला. आणि घाटात, पुतळाच्या तोंडाला पाणी सुटून आता काही खरं नाही असं तिला वाटलं, नेमकं तेव्हाच दारावर थाप पडली. "थांबव रं, लघवीला जायचं हाय."

सुटका झाली, एवढंच तिला तेव्हा कळलं. नवऱ्याला वेळेवर आठवण झाली, देवीची कृपा.

खरं काय ते तिला तिसऱ्या वर्षी कळलं. चूळ भरायला म्हणून ती करवंदीच्या जाळीच्या पलीकडे गेली, तर तिथे धर्मराज उभा. पाठ रस्त्याकडे, दोन्ही हात मागे बांधलेले, लेंग्याची नाडी जशीच्या तशी. दरीकडे बघत नुसता उभा होता. रस्त्यावर हिरामणचं टाकीपुराण रंगात आलं होतं, आणि ज्याच्या नावानं ते चाललं होतं त्याला लघवीच लागलेली नव्हती! तो थोडा वेळ तसाच थांबला, मग घसा खाकरला, उगाच लेंगा सारखा केला आणि मोठा मोकळा झाल्यासारखा गाडीकडे निघाला. पुतळा जाळीमागे बसून राहिली. तिला रडूही आलं आणि हसूही.

परत चढल्यावर तिनं पहिल्यांदा त्या डावीकडच्या आरशाकडे नीट पाहिलं. आरशात धर्मराजचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती. डोळा तिच्यावरच होता.

त्यानंतर दरवर्षी हेच. टेम्पो बदलले, ड्रायव्हर बदलले, सासू-सासरे गेले, कुंदन झाला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं. धर्मराज महाप्याच्या कंपनीत लागला आणि रिटायरही झाला. पण दर चैत्रात आरशावरून भांडण झालं, घाटात थाप पडली आणि हिरामणनं टाकी फोडली. पुतळा त्याबद्दल नवऱ्याशी कधी एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर त्याला सोंग सोडावं लागलं असतं, आणि तिला ते सोंग फार आवडायचं. दुसऱ्या बायकांना नवऱ्यांनी पाटल्या केल्या, हार केले. तिच्यासाठी एक माणूस दरवर्षी सगळ्या भावकीसमोर हसं करून घेत होता, आणि ते फक्त तिला ठाऊक होतं.

आता हे सगळं सांगायचं कारण असं की मागच्या वर्षी धर्मराजचं ऑपरेशन झालं. प्रोस्टेटचं. ऑपरेशन चांगलं झालं, पण त्याला लघवी धरून ठेवता येईना. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, काहींना जास्त लागतो. धर्मराजच्या वाट्याला जास्त आला.

एवढ्यानंसुद्धा तो खचला नसता. खचला तो खांदेश्वरच्या हळदीला. भाचीच्या मुलीची हळद, बँजो, नाच, जेवण, सगळं झकास झालं. येताना कुंदनची नवी गाडी पुलाखाली अडकली, ट्रॅफिक पुढे सरेना. धर्मराज आधी घड्याळाकडे बघत होता, मग खिडकीबाहेर बघायला लागला, आणि मग त्यानं कुठेच बघणं सोडून दिलं. घरी आल्यावर तो सगळ्यात शेवटी उतरला. कुंदन एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीचं सीटकव्हर बदललेलं होतं. सून नमितानं सासऱ्यांच्या कपाटात मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट गुपचूप ठेवलं, तीही काही बोलली नाही. पोरं वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

त्या दिवसापासून धर्मराजचे पाय दुखायला लागले. भजनाला चल म्हटलं, पाय दुखतात. नाक्यावर दोस्त वाट बघतायत, पाय दुखतात. उंबऱ्याच्या बाहेर पडायचा विषय निघाला की पाय दुखायचे, आणि घरातल्या घरात तो दिवसभर येरझाऱ्या घालायचा.

तशात चैत्र आला. रविवारी सकाळी सगळे ओट्यावर जमले. कुंदननं या वेळी टेम्पोला फाटा देऊन एसी मिनीबस ठरवली होती. मोबाइलवर सीटसुद्धा वाटून झाल्या होत्या. पुरुष पुढे, बायका मागे. काचा बंद, एक्सप्रेसवेनं जायचं, मधे कुठे थांबायचं नाही, सरळ कार्ला. सगळं सांगून झाल्यावर कुंदन आईबापाकडे वळला आणि आवाज अगदी मऊ करून म्हणाला, "आई, तुला गाडीचा त्रास होतो. बाबांचंही हे असं. एक्सप्रेसवेला थांबता येत नाही गं. या वर्षी तुमी दोघं घरीच आराम करा ना. देवळातून व्हिडिओ कॉल करतो, मस्त दर्शन होईल."

"बरा म्हनतो पोरगा," हिरामण म्हणाला. तोंड उघडलंच होतं, तर त्याच्या सवयीनं पुढचंही निघून गेलं. "दादाची टाकी आता खरंच फुटली!"

हसू सुरू झालं. इतक्या वर्षांची सवय, आपोआप सुरू झालं. पण या वेळी धर्मराज मिशीत हसला नाही. त्याचा चेहरा बघून एकेकाचं हसू अर्ध्यात तुटलं. हिरामणलाही कळलं, पण तीर सुटून गेला होता.

"बरोबर हाय," धर्मराज म्हणाला. "हिरामन, यंदा देवीचा टाक तू आन् तुजी बायको प्रेमला, दोघं न्या. जोडीनं भेटवा देवीला. यंदाच कशाला, आता दरसाल तुमीच न्या." आणि उठून आत गेला.

ओट्यावर सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. टाक नेण्याचा मान घरातल्या थोरल्या जोडप्याचा, तो असा भाजी दिल्यासारखा देऊन टाकलेला कुणी पाहिला नव्हता. पुतळाला मानाचं फारसं काही नव्हतं. तिला दिसत होतं ते वेगळंच. हा माणूस आज कार्ला सोडतोय, उद्या ओटा सोडेल, परवा खाट धरेल. तिच्या अंगाची लाहीलाही झाली.

"व्हिडिओ कॉल देवीला कर," ती कुंदनला म्हणाली, "आन् तिला सांग, तुजी दोन मानसं आमी घरी डांबली. बघ काय म्हनते ती." आणि तीही आत गेली.

आत धर्मराज भिंतीकडे तोंड करून पडला होता. पुतळा चिंचेचा कोळ घेऊन टाक घासायला बसली. टाक अजून तिच्याच हातात होता, आणि तो द्यायचा तिचा विचार नव्हता.

"तुमी येनार," ती म्हणाली.

"नाय येत."

"इतकी वरसं हसले तवा आलात. आता हसले तं काय भोकं पडली कं अंगाला?"

"तवाची गोष्ट येगली." तो भिंतीलाच सांगत होता. "तवा खोटं व्हतं."

बोलून गेल्यावर त्याला उमगलं आपण काय बोललो ते. पुतळाची बोटं टाकावर फिरतच होती.

"मना ठाव हाय," पुतळा म्हणाली.

तो वळला. "काय ठाव हाय?"

"खोटं व्हतं ते."

"कवापासून?"

"तिसऱ्या सालापासून. नाडी कुटं सोडली व्हती तुमी!"

धर्मराज उठून बसला. एवढा उंचापुरा माणूस चोरी पकडलेल्या पोरासारखा लाजला, आणि मग त्याचे डोळे भरून आले. पुतळाचेही आले. तिनं टाक पदरानं पुसला, तसे डोळेही पुसून घेतले.

"खोट्याला हसत व्हते तं मना काय वाटत नव्हतं," तो म्हणाला. "मी मनात म्हनायचो, हसा लेको, तुमाला काय म्हाईत! आता खरं हाय. आता हसले का मना मरावंसं वाटतं, पुतला. सगल्यांच्या देखत गाडी भिजली तं?"

"नाय भिजनार. यंदा गाडी मी थांबवनार."

"तू?"

"मी. मनाच गाडी लागते ना? सगल्या रबाल्याला म्हाईत हाय. तुमी नुसता माजा हात दाबायचा. बाकीचं माज्यावर सोडा. बोलतील तं मना बोलतील. इतकी वरसं तुमी खाल्ली बोलनी, आता माजी पाली."

त्यानं गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "पाय दुखतात." पण ते काही त्यानं मनापासून म्हटलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी बस गावदेवीच्या देवळापाशी येऊन उभी राहिली. मंडळी पातेली, वाटणाचे डबे, तांदळाच्या भाकऱ्यांच्या दुरड्या घेऊन आली, तर पुढे ड्रायव्हरशेजारच्या दोघांच्या सीटवर खिडकीला पुतळा बसलेली. हिरवं लुगडं, नाकात नथ, मांडीवर लाल फडक्यात गुंडाळलेला टाक. तिच्या शेजारी इस्त्रीचा पांढरा लेंगा-सदरा घालून धर्मराज. पुढच्या दाराची काच तिनं आधीच खाली करून ठेवली होती.

"आई, लेडीज मागे आहेत," कुंदन म्हणाला.

"आसतील."

"अगं, ही सीट बाबांची आन् काकांची. आन् काच वर घे, एसी लावायचाय."

"मागं मना मळमळतं. हितं वाऱ्याला नाय मळमळत. आन् बस जुन्या रस्त्यानं जाईल, घाटातल्या शिंगरोबावरून. मी म्हनंन तिथं थांबंल."

"आई, असं कसं..."

"देवी माज्या मांडीवर हाय," पुतळानं लाल फडक्यावर हात ठेवला. "मी उतरले का ती उतरली. मंग न्या रिकामी बस कार्ल्याला, आन् करा पिकनिक."

कुंदननं नमिताकडे पाहिलं, नमितानं डोळ्यांनीच सांगितलं, बस झालं, चढ. हिरामण पुढच्या सीटकडे एकदा बघून मागे जाऊन बसला. बस निघाली.

तुर्भे सोडलं नाही तोवर हिरामणला राहवेना. पुतळानं फडक्यावर नवऱ्याचा हात धरला होता, उघड, सगळ्यांच्या देखत, आणि तो मागून हिरामणला ड्रायव्हरपुढच्या आरशात दिसत होता. "वयनी, या वयात हात धरून बसलाव?"

"माज्या नवऱ्याचा हाय," पुतळा मागे न बघता म्हणाली. "तुजा धरला कं?"

सगळ्यात मोठ्यानं प्रेमला हसली, हिरामणची बायको.

पळस्पे फाटा ओलांडला आणि पुतळाच्या हातावर दाब आला. "थांबव!" ती अशी ओरडली की ड्रायव्हरनं दचकून ब्रेक मारला. ती उतरली, कडेला वाकली आणि तिनं अशा काही उबळी काढल्या की मागच्या सीटवरची पोरं घाबरली. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे. तेवढ्यात धर्मराज तिच्यामागून गुपचूप उतरून, झाडामागे जाऊन, परत येऊन बसलासुद्धा. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

चौकच्या पुढे पुन्हा तेच. खोपोलीला पुन्हा. लोक कुरकुरायला लागले. ड्रायव्हर चुकचुकला. नमिता लिंबूपाणी घेऊन आली, पुतळा ते मिटक्या मारत प्यायली. खरी गंमत अशी की पुढच्या सीटवर, वाऱ्याला, तिला आयुष्यात पहिल्यांदा काहीही होत नव्हतं. घाट सुरू झाला आणि ती बघतच राहिली. इतक्या वेळा या वाटेनं गेली, पण मान खाली घालून, पदर तोंडाशी धरून. या डोंगरात एवढा बहावा फुलतो हे तिला माहीतच नव्हतं. पिवळेधमक झुबके, खाली दरी, वर उघडं आभाळ. आणि शेजारी हा माणूस, महिन्यांमागून महिने घरात कोंडून घेतलेला, आता तिच्या खांद्यावरून वाकून तिला बोटानं काहीतरी दाखवत होता. "त्यो बघ, नागफनीचा सुलका." पुतळाला इतकं सुख झालं की खोट्या उलटीची सुद्धा लाज वाटेना.

शिंगरोबाचं देऊळ जवळ आलं आणि हातावर पुन्हा दाब आला.

"थांबव!"

या वेळी मात्र बसमध्ये बॉम्ब फुटला. "परत?" कुणीतरी ओरडलं. "दुपार हितंच व्हनार," दुसरं कुणी. हिरामण उठून उभा राहिला. "वयनी, तुज्यापायी पयल्याच साली आमी घान वास खाल्ला. आता एसी गाडी आनली तरी तुजं तेच. पुढल्या सालापासून तुला घरीच ठेवायची. गाडीत बसायच्या लायकीचीच नाय तू."

"आई, खरंच आता पुरे," कुंदनही वैतागला होता. "सांगितलं होतं ना घरी थांब म्हणून. सगळ्यांना त्रास."

पुतळा बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात धर्मराजचा हात तिच्या हातातून सुटला. तिला वाटलं, झालं, हा आता परत भिंतीकडे तोंड करणार. पण त्यानं तिच्या पुढून हात घालून दारावर थाप मारली. जुन्या टेम्पोच्या दारावर मारायचा तशी, खणखणीत.

बस थांबली. धर्मराज सीटवर गुडघा टेकून मागे वळला.

"तिला काय बोलायचं नाय," तो म्हणाला. "तिला काय झालेलं नाय. सकालपासून गाडी माज्यासाठी थांबतेय. ऑपरेशनपासून मना लघवी धरवत नाय. कुंदनची गाडी भिजली, ती मीच भिजवली. आन् हिरामन, तू दरसाल टाकी टाकी करायचास ना? तवा कवाच फुटली नव्हती. हिला मागं उलटीला व्हायचं, कुनी गाडी थांबवत नव्हतं. तिला उतराया मिलावं म्हनून मी उतरायचो. झाडामागं नुसता उभा ऱ्हायचो. आता खरी फुटलीय. कोनाला हसायचं आसंल त्यानं आत्ता हसून घ्या. मना घाई हाय."

कुणी हसलं नाही. कुंदन खाली मान घालून उभा होता. नमितानं तोंडावर हात ठेवला होता.

आणि पुतळा? पुतळा भडकली होती. "सांगायचं काय कारन व्हतं?" ती नवऱ्यावर खेकसली, डोळ्यांतून धारा वाहत असताना. "मी उतरत व्हते ना!"

"तुला बोलनी खायची सवय नाय," धर्मराज म्हणाला. "मना हाय." आणि दार उघडून, तिला ओलांडून, खाली उतरला.

मागून हिरामण सीटांना धरत धरत पुढे आला. त्याचा चेहरा पार उतरला होता. वहिनीसमोर तो क्षणभर थबकला, हात जोडल्यासारखे केले. मग उतरून भावाच्या मागे धावला. "दादा! थांब. मी पन येतो. चौकपासून धरून बसलोय!"

त्याबरोबर मागच्या सीटांवर चुळबुळ झाली. एक चुलतभाऊ उठला, मग एक व्याही, मग आणखी दोघं. सगळे साठीचे, सगळे डायबेटिसवाले, सगळे तुर्भ्यापासून लाजेनं मांड्या आवळून बसलेले. प्रेमला म्हणाली, "गो बाय, या सगल्यांच्याच टाक्या फुटल्या!" आणि बायका हसल्या, मोठमोठ्यानं, आणि उतरणारे पुरुषही हसले. शेवटी कुंदन उतरला आणि पुतळाच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. खिडकीच्या काठावर त्यानं हात ठेवला. "आई, पुढच्या वर्षी हीच सीट," एवढंच तो म्हणाला. पुतळानं त्याच्या गालावर हलकी चापट मारली आणि त्याला बापाकडे पिटाळलं.

बसमध्ये पुढे ती एकटी राहिली, मांडीवर देवी घेऊन. पुरुषमंडळी मागच्या बाजूला, रस्त्याकडेच्या झाडीत शिरली होती. तिला तिथून काही दिसेना. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि डावीकडचा आरसा फिरवला. आधी रस्ता दिसला, मग बसचा पत्रा, मग करवंदीची जाळी, आणि जाळीमागून नाडी बांधत, सगळ्यांच्या पुढे चालत येणारा धर्मराज. यायच्या आधीच त्याचे डोळे आरशाकडे होते.

"आजी, आरसा नका हलवू," ड्रायव्हर म्हणाला. "मला मागचं दिसत नाही."

"मना दिसतं," पुतळा म्हणाली, आणि तिनं आरसा आणखी थोडा स्वतःकडे वळवून घेतला.